दर्याची ओटी

साखरबाईच्या नवऱ्याकडं एक वाक्य होतं आणि ते त्यानं तीसेक वर्षं पुरवून पुरवून वापरलं. "जाऊ की. समुद्र काय पळून जायलाय का?"

पहिल्यांदा म्हणाला तेव्हा साखरबाईच्या हातावरची लग्नातली मेंदीसुद्धा पुरती गेली नव्हती. धाराशिवकडच्या बोरखडीतून उचलून तिला बोईसरला आणलेलं, खैरापाड्यातल्या पत्र्याच्या खोलीत. नवरा, भगवंत, कपडा रंगवणाऱ्या एका कारखान्यात कामाला. पाळी संपवून घरी आला की त्याच्या कानामागच्या रंगावरून तिला कळायचं, आज कुठला माल चालू होता ते. एकदा निळा होऊन आला तर दारातच हात जोडून म्हणाली, "या किसनदेव, लोणी न्हाई, पिठलं हाय."

तर त्या पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं सांगितलं, समुद्र हाकेवर आहे. नवापूरला. रिक्षात बसलं की एमआयडीसी संपते, मिठागरं लागतात, की आलाच. साखरबाईला हे काही खरं वाटेना. बोरखडीत पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी बसून वाटीनं भरायची गोष्ट. आणि इथं म्हणे एवढं पाणी एका जागी पडलेलं असतं, नंबर लावावा लागत नाही, भांडणं होत नाहीत.

"आवं, जायचं का?"

"जाऊ की. समुद्र काय पळून जायलाय का?"

मग अक्षय झाला, मग ज्ञानेश्वरी झाली. मग साखरबाईनं डबे सुरू केले. कारखान्यातली पोरं, कुणी परभणीचं, कुणी बिहारचं, सगळी तिच्या हातच्या भाकरीवर वाढली. बिहारची पोरं आधी भाकरीला भ्यायची. ती त्यांना दम द्यायची, "खाव रे, खाव! पत्थर नहीं है, जवारी है. दो दिन में टाईट हो जायेंगा तुम." पोरं हसत खायची आणि खरोखरच टाईट व्हायची. पण डब्याला सुट्टी नसते. माणसाला रविवारी जास्त भूक लागते, हे ज्यानं डबे केले त्यालाच ठाऊक. एकदा सगळी निघाली होती समुद्राकडं, तर चित्रालय नाक्यापर्यंत जाऊन अक्षयनं रिक्षात उलटी केली आणि रिक्षावाल्यानं सगळ्यांना तिथंच उतरवलं. पुढं पोरं शाळेच्या सहलीतून जाऊन आली. तिकडं काय बघितलं म्हणून विचारलं तर अक्षय म्हणाला, "गोळा खाल्ला."

यात काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीला, गावी गेल्यावर.

थोरली जाऊ रत्नाबाई करंज्या लाटत होती. चार बायका बसलेल्या. रत्नाबाईनं विचारलं, "काय गं, समुद्र लांब असंल न्हाई तुमच्यापसनं?" आता रत्नाबाईचा तो स्वर. लांबच असणार, तुझ्या नशिबात कुठला समुद्र, असा. साखरबाईच्या तोंडून निघून गेलं, "लांब कुठला! दाराला लाटा लागत्यात."

बायकांचे हात थांबले. करंजी तेलात पडायची राहिली.

त्या दिवसापासून बोरखडीत तिचं नाव समुद्रवाली पडलं. दर खेपेला नवी पोरंबाळं येऊन बसायची, समुद्रवाली काकू, सांग ना. आणि साखरबाई सांगायची. लाट येते ती कशी येते, म्हशीगत मान हलवत येते. रात्री कशी घोरते. पायरीवर मासा येऊन पडला की कसा पुन्हा आत सोडायचा. हे सगळं तिला पुरवायची जमना. फक्त रत्नाबाई तेवढी शेवटाला विचारायची, "मग तुझ्या लुगड्याला मिठाचा वास कसा न्हाई गं?"

जमना म्हणजे नवापूरची कोळीण. खैरापाड्याच्या गल्लीत पाटी घेऊन यायची. पहिल्या दिवशी साखरबाईनं नाकाला पदर लावला होता. मटण खाणारी बाई, पण मासळीचा वास सोसेना. जमनानं पाटी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नाक कशाला झाकतेस गो? मासा तुला हुंगत नाय, मग तू का त्याला हुंगतेस?" साखरबाईला हसू आलं आणि पदर सुटला. मग सुकटीची चटणी कडक भाकरीवर घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा असं वाटलं की या मुलखात आपलं जमेल. तेव्हापासून दोघींचा व्यवहार ठरला: जमनाकडून सुकट, साखरबाईकडून शेंगदाण्याची चटणी. पैसे कुणी कुणाला विचारले नाहीत.

जमना दर वर्षी म्हणायची, "ये ना गो एकदा. घर वाळूवरच हाय माजा."

साखरबाई म्हणायची, "येते की. समुद्र काय पळून जायलाय?" नवऱ्याचं वाक्य बायकोच्याही तोंडात बसलं होतं.

आणि यंदा भगवंत रिटायर झाला. पोरांनी निरोप समारंभ केला, शाल, नारळ, पांढरी टोपी, टॉवेल दिला. बोरखडीला भावाच्या शेजारी दोन खोल्या बांधून झाल्या होत्या. खैरापाड्याची खोली सोडायची ठरली. सामान न्यायला बबलूचा टेम्पो. हा बबलू भगवंतच्या मावसभावाचा मुलगा, बोईसरातच टेम्पो चालवणारा, बोलायला फटकळ आणि गाडीची बायकोहून जास्त काळजी करणारा.

साखरबाईनं भांडी पोत्यात भरता भरता एकदम हात थांबवला. "आवं, मी समुद्र बघितला न्हाई."

"काय?"

"तीस वर्षं सांगत आले, दाराला लाटा लागत्यात. आन् आता कायमची चालले. रत्नाबाईच्या समोर रोज बसायचंय मला. जल्मभर खोटं बोलले ते बोलले, जाताना तरी एकदा त्याला हात लावून जाऊ द्या. मग मी कुणाच्या बापाला ऐकत नसते."

भगवंतनं तोंड उघडलं. वाक्य जिभेवर आलं होतं. पण बायकोचा चेहरा बघून ते त्यानं गिळलं.

त्याच दुपारी जमना शेवटची पाटी घेऊन आली. साखरबाईनं विचारलं, "जमने, परवा निघायलोय आम्ही. त्याच्या आधी मला तुझा समुद्र भेटायला पायजे. कवा येऊ?"

जमना पाटी डोक्यावर चढवत होती. बोटं मोजल्यासारखं करून म्हणाली, "परवा? माघी पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, नाय का? सकाळची ओटी हाय गो. तू आपली निवांत ये."

"सकाळची ओटी?"

"हा. सकाळची ओटी." आणि ती गल्लीच्या तोंडाशी पोचलीसुद्धा.

साखरबाईच्या अंगावर शहारा आला. अरे, हे आपल्याला सुचलं कसं नाही! बोरखडीत नव्या विहिरीला पाणी लागलं की ओटी भरतात, नदीला पूर आला की ओटी भरतात. मग एवढा मोठा समुद्र, त्याची ओटी असणारच. आणि ती आपल्या जायच्या दिवशीच, सकाळी. ती तशीच बाजारात गेली, हिरवा खण घेतला, नारळ घेतला. गहू घरातले होतेच.

ठरलेल्या दिवशी उजाडतानाच दोघं नवापूरच्या रस्त्याला लागली. बबलूला सामान भरायला सांगून. बबलू म्हणाला, "काका, अकराला गाडी हलली पायजे. दुपारच्या आत घोडबंदर ओलांडलं नाय ना, तर जड गाडी म्हणून अडकवून ठेवतील. मग मी ऐकनार नाय."

"जायचं, हात लावायचा, यायचं," भगवंत म्हणाला. "नऊला परत."

रिक्षा वाळूच्या अलीकडं थांबली. सुरूची झाडं, मध्ये होड्या खाली न्यायचा सिमेंटचा उतार. एक गाडी नाही, एक चहाची टपरी नाही, भुट्टेवाला नाही, घोडा नाही. बांबूच्या मांडवांवर बोंबील जबडा जबड्यात अडकवून टांगलेले, त्यांच्या ओळी वाऱ्यावर हलत होत्या. उत्तरेला अणुवीज केंद्राच्या इमारती धुक्यात अर्ध्या पुसलेल्या. साखरबाईनं पदर खोचला, चपला काढून हातात घेतल्या, ओटीची पिशवी छातीशी धरली आणि उतारावरून खाली आली.

समोर वाळू होती. पुढं ओली वाळू होती. त्याच्या पुढं चिखल, चिखलात कलंडून पडलेल्या होड्या, आणखी पुढं काळे खडक. आणि त्याच्याही पार, आभाळाला टेकलेली, बांगडीच्या काचेएवढी एक चमकती रेघ.

साखरबाईनं डावीकडं बघितलं. उजवीकडं बघितलं. मग नवऱ्याकडं वळली.

"गेला की वो पळून!"

भगवंत बघतच राहिला. तीस वर्षं ज्याच्या भरवशावर बायकोला थांबवलं तो समुद्र जाग्यावर नव्हता. "आं? असा कसा... कालपर्यंत तर असंल की..."

"काल कुणी बघितला? तुम्ही बघितला का? मी बघितला का? तीस वर्षं म्हणायले, पळून जायलाय का, पळून जायलाय का. त्यानं ऐकलं असंल एक दिवस!"

आणि बोलता बोलता ती चालायला लागली, सरळ त्या रेघेकडं. पायाखाली वाळूच्या वळ्या होत्या, धुण्याच्या दगडावर घासलेल्या चादरीसारख्या. पाय गार पडला. मग मऊ लागलं. मग घोटा आत गेला.

"थांब गो! ए साखरबाय! थांब!"

मांडवाकडून जमना धावत आली, मागून तिची सून हेमांगी, दोघींच्या हातात बोंबील तसेच. जमनानं साखरबाईला दंडाला धरून मागं ओढलं. "कुटं चाललीस? पुढं मांडीपर्यंत जाशील चिकलात. काढायला होडी नाय येत, मानसं लागतात."

"मग भेटू कशी त्याला? तो बघ कुठं गेलाय."

"येल ना तो. तुला निवांत ये बोललेली ना मी? सकाळची ओटी हाय बोललेली."

"म्हणून तर सकाळी आले! ही बघ, ओटी घेऊनच आले." साखरबाईनं पिशवी उघडली. हिरवा खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी.

जमनानं पिशवीत बघितलं. साखरबाईकडं बघितलं. पुन्हा पिशवीत बघितलं. मग तिच्या तोंडातून जो आवाज निघाला त्यानं खडकावरचे बगळे उडाले. ती खाली वाळूवरच बसली, पोट धरून. हेमांगीनं तोंडाला ओढणी लावली, पण खांदे हलत होते.

"अगं काय झालं? सांगशील का न्हाई?"

"काकी," हेमांगी कशीबशी म्हणाली. ती पालघरला कॉलेजात शिकलेली, दोन्ही बोली तिला यायच्या. "आमच्या आईच्या तोंडात ह टिकत नाही. पाणी आत जातं ना, ओहोटी, त्याला ती ओटी म्हणते. सकाळची ओहोटी आहे, पाणी नसेल, उशिरा ये, असं सांगितलं होतं तिनं तुम्हाला."

साखरबाईनं पिशवीत पुन्हा एकदा बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे मी पाणी गेल्याची ओटी भरायला आले?"

"आमी शंभर वरसं ओटीच बोलतो," जमना डोळे पुसत म्हणाली. "पन खण घेऊन कोन नाय आयला अजून!"

आता चौघांतल्या तिघी हसत होत्या. भगवंत मात्र मोबाईल बघत होता. "पाणी कवा येतंय पण?"

"बारा-एकला पुरा भरतो. ह्या उताराला लागतो तवा."

"बारा?" भगवंत म्हणाला. "अकराला टेम्पो हाय आमचा. चल साखर, आता काय... बघितला की लांबून. दिसतोय की तो."

साखरबाईनं त्या रेघेकडं बोट केलं. "ह्याला बघणं म्हणायचं? रत्नाबाईला काय सांगू? दाराला लाटा लागत्यात, पर दार सोडून गेल्या?" आणि ती उलटी करून ठेवलेल्या एका जुन्या होडीवर जाऊन बसली. पिशवी मांडीवर. "मी हात लावल्याबिगर हलत नसते. तुम्ही जावा टेम्पोत, मी मागनं येष्टीनं येते."

भगवंतला बायको चांगली ठाऊक होती. ती असं बसली की क्रेन लागते. तोही शेजारी बसला.

मग थांबणं सुरू झालं. हेमांगीनं चहा आणला. साखरबाईनं वाटेसाठी बांधलेली भाकरी-चटणी सोडली. जमनाचा नवरा महादू समुद्रावर गेलेला, पाण्याबरोबरच परत यायचा होता. जमनानं साखरबाईला बोंबील अडकवायला बसवलं. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात. साखरबाईला ते जमेना, बोंबील घसरत होता. "लई मऊ गं ह्यो, जावयागत. धरलं तर निसटतो." जमना म्हणाली, "जावई टांगून ठेवशील तर नाय निसटायचा."

भगवंत उठून वाळूवर फिरायला लागला, मोबाईल हातात. थोड्या वेळानं तो वाकून काहीतरी बघताना दिसला. मग उकिडवा बसला. मग चक्क गुडघ्यावर. छोटे छोटे खेकडे बिळातून बाहेर येऊन वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून मांडत होते, बिळाभोवती नक्षी उमटत होती. त्यानं हात हलवला की सगळे आत. तो थांबला की सगळे बाहेर.

"ए साखर! हिकडं ये! हे बघ, ह्यांची पण पाळी चालू हाय. साहेब आला की लपायलेत, गेला की कामाला!"

"आमच्याकडं उलटं होतं," साखरबाई तिथूनच ओरडली. "साहेब आला की कामाला!"

रिटायर झाल्यापासून भगवंत पहिल्यांदा असा हसला. नाहीतर गेला महिनाभर सकाळी उठून डबा शोधायचा.

पाणी येत होतं. येताना दिसत मात्र नव्हतं. खडकाकडं बघावं तर तसाच, आणि बोंबील अडकवून मान वर करावी तर खडक नाही. चिखलात कलंडलेली सगळ्यांत पुढची होडी जरा हलली. मग सरळ झाली. साखरबाई एकटक बघत होती. "जमने, हे तर दुधागत हाय. बघत बसलं की वर येत न्हाई."

फोन वाजला. बबलू. "काका, माल भरून झाला. तुमी कुटं?"

"येतोय, येतोय."

परत वाजला. "काका, दोरी बांधली. मी गाडीत बसलोय. निगायचं ना?"

"हो रे, दहा मिन्टं."

तिसऱ्यांदा वाजला तेव्हा अकरा वाजून गेले होते. पाणी अर्ध्या वाटेवर आलं होतं, आता त्याचा आवाजही यायला लागला होता, दळण दळल्यासारखा. भगवंतनं बायकोकडं बघितलं. होडीवर पाय सोडून बसलेली, मांडीवर पिशवी, आणि तोंड लग्नाच्या वरातीची वाट बघणाऱ्या पोरीसारखं. खैरापाड्याच्या खोलीत ती अशी बसलेली त्याला आठवेना. ती कायम उभीच असायची, परातीसमोर, चुलीसमोर, दारात डबे मोजत.

बबलू फोनवर ओरडत होता, "काका! निगायचं का नाय?"

आणि भगवंतच्या तोंडून निघालं, "थांब की रे! टेम्पो काय पळून जायलाय का?"

बोलला आणि स्वतःच दचकला. साखरबाईनं मान वळवली. जमनाच्या हातातला बोंबील खाली पडला.

"काका," बबलूचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "टेम्पो पळत नाय तर काय करतो? त्याचं कामच ते हाय!"

"मग हिकडं पळव त्याला. नवापूरला. वाळूवर ये. आज घोडबंदरला अडकू, न्हाईतर उद्या अडकू." आणि भगवंतनं फोन बंद करून खिशात टाकला.

साखरबाईनं सरकून होडीवर त्याला जरा जास्त जागा करून दिली.

पाणी आता वीसेक पावलांवर आलं असेल. साखरबाईनं पिशवी उचलली. जमनानं तिला अडवलं. "नारल दे त्याला. खण नको. दर्या पुरुष हाय गो, आमचा धनी तो. त्याला चोळी कशी देशील?"

"आगं बया! मग टोपी-टॉवेल आणायला पायजे होता!"

"आणि हा खण?" हेमांगीनं विचारलं.

साखरबाईनं खण हातात घेऊन उलटसुलट केला. आणि मग एकदम म्हणाली, "खाली बस."

"कोन? मी?"

"बस म्हणते ना. पूर्वेला तोंड कर. पदर पसर." जमना बसली, ओल्या वाळूत, पाठ समुद्राकडं करून. मच्छीच्या पाण्यानं भिजलेला पदर तिनं पसरला. तिच्या समोर साखरबाई बसली. "तीस वर्षं तू मला समुद्र आणून दिलास पाटीत घालून. लाट कशी येते, घोरते कशी, सगळं तुझ्याकडनं नेलं मी. तुझी ओटी भरल्याबिगर गेले तर मला ते पाणी बाधंल." आणि तिनं ओंजळीनं गहू घातले, हळकुंड, सुपारी, वर हिरवा खण ठेवला. हेमांगीनं घरातून आणलेलं कुंकू जमनाच्या कपाळावर टेकवलं. जमना, जी बाजारात पोलिसाला पण ऐकत नाही, ती मान खाली घालून बसली होती.

आणि तेवढ्यात ते आलं. जमनाच्या पाठीमागून, काही न बोलता. आधी तिच्या टाचा भिजल्या, मग पाणी दोघींच्या मधल्या वाळूवर पसरलं, साखरबाईच्या गुडघ्यांना लागलं, लुगड्यात शिरलं आणि मागं गेलं.

"आई गं!" साखरबाई किंचाळली. "गार हाय! आला! आवं, आला!"

"ओटी भरली ना," जमना उठता उठता म्हणाली, पदर घट्ट धरून. "आता भरती!"

साखरबाईनं दोन्ही हात पाण्यात घातले. ओंजळ भरली आणि सरळ तोंडाला लावली. तिचा चेहरा चिंचेसारखा झाला. "थू! खारट हाय गं!"

"मग? काय गोड असनार? आता तू पडलीस ना त्यात, होल तो जरा गोड."

त्यानंतर कुणालाच कुणाचं भान राहिलं नाही. भगवंतनं पँट गुडघ्यापर्यंत वळवली, पण दुसऱ्याच लाटेनं वळवण्यात अर्थ ठेवला नाही. साखरबाईनं नारळ सोडला, हात जोडले, काय मागितलं ते कुणाला ऐकू आलं नाही. मग भगवंतनं डोक्यावरची टोपी काढली, निरोप समारंभातली, आणि म्हणाला, "पुरुष हाय म्हणताय ना? हे घे बाबा, टोपी तरी घे. टॉवेल गाडीत हाय." टोपी तरंगत गेली. तिसऱ्या लाटेनं ती परत आणून त्याच्याच पायाशी टाकली.

"आहेर घेत न्हाई म्हणतोय," साखरबाई म्हणाली. "पत्रिकेत छापतात तसं."

दूर महादूची होडी दिसायला लागली. पाणी चढतच होतं, ते बसले होते त्या उलट्या होडीपर्यंत आलं, मांडवाच्या पहिल्या खांबापर्यंत आलं. आणि सुरूच्या झाडांमागून हॉर्न वाजला. बबलूचा टेम्पो. वर त्यांचं सगळं घर: लोखंडी कपाट, खाट, परात, डब्यांचं फडताळ, कोपऱ्यात खोचलेला झाडू, आणि सगळ्यांत शेवटी बांधलेला खोलीचा पत्र्याचा दरवाजा. तो दरवाजा भगवंतनं स्वतः बसवला होता, म्हणून खोली सोडताना काढूनही घेतला. बबलूनं रस्त्यावर वळवायला जागा नाही बघून टेम्पो होड्यांच्या उतारावर घेतला, उलटा, दरवाजा समुद्राकडं करून. खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काकी, हा काय येडेपना हाय? दुपार झाली. आता घोडबंदरला..."

पुढं बोलायच्या आत हेमांगी ओरडली, "दादा, गाडी वर घ्या! उधाण आहे, पाणी उतारावर येतं!"

"काय?" बबलूनं वळून बघितलं. एक लाट, फार मोठी नाही, पण पोटात जोर धरून आलेली, उतारावरून वर चढत आली. टेम्पोच्या मागच्या चाकांना भिडली, फेसाळली, उडाली, आणि तिचे थेंब थेट वर, पत्र्याच्या दरवाजावर.

"माजी गाडी!" बबलू बोंबलला आणि स्टिअरिंगकडं धावला. "गंजल ना! मीठ हाय ते!"

साखरबाई कंबरेपर्यंत भिजलेली, पदर सुटलेला, केस तोंडावर. ती उतारावर धावत आली आणि त्या ओघळणाऱ्या दरवाजाकडं बोट करून लहान पोरीसारखी उड्या मारायला लागली. "लागली! आवं, बघितलं का? लागली! दाराला लाट लागली!"

भगवंत तिच्याकडं बघत राहिला, मग दरवाजाकडं, आणि त्याला ते कळलं तेव्हा तोही उतारावरच मटकन बसून हसायला लागला. जमना मागून काहीच न समजता हसत होती, कारण साखरबाई हसत होती.

बबलूनं टेम्पो वर नेऊन फडक्यानं चाकं पुसायला घेतली. साखरबाईनं त्याच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "चाकं पूस. दार पुसशील तर बघ."

निघताना जमनानं सुकटीची पिशवी कॅबिनमध्ये टाकली. हिरवा खण तिनं खांद्यावर घेतला होता. मिठी वगैरे मारायची दोघींची पद्धत नव्हती. जमना म्हणाली, "मिठाचं डाग पडलं तुज्या लुगड्याला. धू मग गावी जाऊन."

"कुणाला येड लागलंय? तसंच ठेवणार हाय. रत्नाबाईला वास घ्यायला."

टेम्पो मिठागरांच्या रस्त्याला लागला. बबलू घोडबंदरच्या नावानं पुटपुटत होता. भगवंत ओली टोपी पिळत बसला होता. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "मग? वहिनीला काय सांगणार आता?"

साखरबाईनं मनगट जिभेला लावलं, मीठ चाखलं आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "काय सांगायचं? तीस वर्षं जे सांगत आले तेच."